फोटोतले घर आणि चिखलीचे माजघर

जालन्याहून चिखलीची एस.टी. धरली तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. देऊळगाव राजा मागे पडले, खडकपूर्णा ओलांडली, आणि मग दोन्ही बाजूंना तीच ओळखीची काळी शेते लागली. सोयाबीन निघून गेलेले, तूर तेवढी उभी, कुठे हरभऱ्याची पेरणी चाललेली. आमच्या चिखलीला रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी मी शाळेत होते तेव्हापासून ऐकत आले आहे. त्यामुळे माहेरी जायचे म्हणजे एस.टी. आणि खिडकीची जागा.

या वेळी मात्र नुसते भेटायला जायचे नव्हते. भाईजानचा फोन आला होता, "तू ये. तू ड्रॉइंगची मास्तरीण. पोरीने आणि भाभीने मिळून माझे डोके फिरवले आहे."

प्रकरण असे होते. आमच्या घराचा पुढचा भाग पंधरा वर्षांपूर्वी स्लॅबचा झाला. मागचे माजघर अजून धाब्याचे आहे: दीड-दोन हात जाड मातीच्या भिंती, सागवानी तुळया, त्यावर किलचण आणि वर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याला ते गळते. भाईजानने पैसे जमवले होते आणि माजघर पाडून तिथे 'हॉल' काढायचा बेत होता. हॉल कसा, ते माझ्या भाचीच्या मोबाइलमध्ये होते. अम्मी मात्र या विषयावर काहीच बोलत नव्हत्या. त्यांचे वय ८३, दोन्ही डोळ्यांनी अंधूक दिसते. भिंतीला हात लावत त्या माजघरातून न्हाणीपर्यंत जातात आणि कोणत्या कोनाड्यानंतर वळायचे हे त्यांच्या हाताला पाठ आहे.

स्टँडवरून चालत निघाले. बाजाराचा चेहरा पार बदलला आहे. फर्निचरच्या दुकानांवर माणसाच्या दुप्पट उंचीचे फ्लेक्स, त्यावर पांढरे सोफे, काचेचे टीपॉय, छतात लपवलेले निळे दिवे. माझ्या लहानपणी या गावात अशी खोली एकच होती, आणि तीही कापडावर रंगवलेली. फोटो स्टुडिओच्या मागच्या पडद्यावर वळणदार जिना, मखमली पडदे, फुलदाणी आणि खिडकीतून दिसणारा तलाव होता. धाब्याच्या घरातली माणसे ईदचे कपडे घालून त्या जिन्यापुढे उभी राहत. फोटो निघाला की जिना स्टुडिओत राहायचा आणि आपण घरी यायचो. आता तो जिना मोबाइलमधून थेट घरात शिरला आहे आणि तो विकत घेता येतो, हप्त्याने.

जेवणे झाल्यावर भाचीने मोबाइल पुढे केला. "फुफी, हे बघा, आणि हे, आणि हे." चारशेच्या वर फोटो साठवले होते तिने. खोटे कशाला बोलू, मलाही ते आवडले. पोरीची नजर चांगली आहे. रंगांचा मेळ तिला कळतो. तिला नाही म्हणायला मी आलेच नव्हते. फक्त म्हटले, फोटो नुसता बघू नकोस, वाच.

पहिला प्रश्न: उजेड कुठून येतो? तिच्या सगळ्यात लाडक्या फोटोत राखाडी भिंत होती आणि डावीकडे जमिनीपासून छतापर्यंत काच. ती भिंत सुंदर दिसते ती त्या काचेच्या जिवावर. आमच्या माजघराला एकच खिडकी, तीही बोळाकडे उघडणारी. तो राखाडी रंग इथे लावला तर दुपारी बारालाही दिवा लावावा लागेल. दुसऱ्या फोटोत सगळे पांढरेशुभ्र होते, भिंती, गालिचा, सोफा. ती चाल उत्तर युरोपातली. स्वीडन-नॉर्वेकडे हिवाळ्यात दिवस जेमतेम काही तासांचा असतो, म्हणून मिळेल तो उजेड परतवायला ते लोक घर पांढरे ठेवतात. त्यांची गरज खरी आहे. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हाने डोळे दिपतात, आणि काळ्या मातीची धूळ पांढऱ्या सोफ्यावर आठवडाभरही टिकू देणार नाही.

दुसरा प्रश्न: खोली खरी केवढी आहे? आतले फोटो काढणारे रुंद कोनाची लेन्स वापरतात. खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून, छातीच्या किंवा कमरेच्या उंचीवरून फोटो काढला की दहा फुटांची खोली पंधराची भासते. कडेच्या वस्तू ताणल्या जातात, मधल्या लांब सरकतात. यावर सोपा इलाज आहे, फरशा मोजायच्या. दोन बाय दोनची टाइल ओळखू येते, दरवाजा साधारण सात फुटी असतो. भाचीने बोट ठेवत मोजले तर त्या हॉलमध्ये लांबीत अकरा टाइल्स निघाल्या, म्हणजे बावीस फूट. आमचे माजघर बारा बाय पंधरा.

तिसरा प्रश्न: काय काढून टाकले आहे? वायरी, स्विचबोर्ड, इन्व्हर्टर, केरसुणी, चपला, औषधांची पिशवी. एकाच जागेचे कमी-जास्त उजेडाचे चार-पाच फोटो घेऊन ते संगणकावर एकत्र करतात, म्हणून खिडकीबाहेरचे झाडही दिसते आणि पलंगाखालचा अंधारही नाहीसा होतो. आपल्या डोळ्यांना अशी खोली कधी दिसत नाही. आणि पाण्याचे ड्रम? चारशे फोटोंत एकही ड्रम नव्हता. आमच्या भागात पाणी साठवल्याशिवाय घर चालत नाही.

भाचीने विचारले, "पण यात माणसे का नसतात?" प्रश्न चांगला होता. रिकाम्या खोल्यांचे फोटो काढण्याची रीत आजची नाही. लाला दीनदयाळ (१८४४-१९०५) हे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी फोटोग्राफर. पायगा घराण्याच्या विकार-उल-उमरा यांनी हैदराबादेत बांधलेल्या फलकनुमा महालाच्या दालनांचे त्यांनी काढलेले फोटो आजही पुस्तकांत बघायला मिळतात: झुंबरे, आरसे, नक्षीदार खुर्च्या, आणि माणूस कोणीच नाही. (आपला हा वऱ्हाडचा मुलूखही १८५३ पर्यंत निजामाच्याच कारभारात होता, तेव्हा हैदराबाद आम्हाला काही परके नाही.) त्या काळी घरातल्या कमी उजेडात काचेच्या प्लेटवर चित्र उमटायला वेळ लागायचा. माणूस जरा हलला की धुरकट व्हायचा, खुर्ची मात्र हलत नाही. आता कॅमेरा क्षणात फोटो काढतो, तरी माणसे बाहेरच. कारण आता खोली विकायची असते, आणि घेणाऱ्याने तिथे स्वतःला बसवून बघायचे असते. उलटही कोणी केले आहे. दयानिता सिंह यांच्या 'प्रायव्हसी' (२००४) या पुस्तकात सधन कुटुंबे आपापल्या दिवाणखान्यात बसलेली दिसतात. तिथे सामान माणसांच्या मागे उभे असते.

बोलून फार झाले असे वाटले, म्हणून खडू मागवला. जन्मभराची सवय. भाचीला हवा होता तो एल आकाराचा सोफा नऊ फूट बाय सात फूट होता. माजघराच्या जमिनीवर तो आखला, समोर टीपॉय आखला, टीव्हीचे कपाट आखले. मग भाभीला म्हटले, आता दस्तरखान अंथरा. आमच्या माजघरात एका वेळी चौदा माणसे जेवायला बसतात. खडूच्या रेषा न ओलांडता सहा बसली. भाभी काही बोलल्या नाहीत. होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा असते. परभणी, नांदेडकडचे नातेवाईक येता-जाता आमच्याकडे उतरतात. त्या रात्री याच खोलीत सतरंज्या टाकून वीस-वीस माणसे झोपतात. भाभींच्या डोळ्यांपुढे तेच आले असणार.

फोटोंतले उघडे स्वयंपाकघरही भाभींना हवे होते. ते त्यांनी स्वतःच सोडले. बाहेरचा पुरुष बैठकीत बसला असताना चुलीपुढे वावरायचे कसे, आणि फोडणीचा ठसका सोफ्याच्या कापडात बसला तर काढायचा कसा, या दोन्हींचे उत्तर फोटोत नव्हते.

भाचीला एका भिंतीवर कुटुंबाच्या फोटोंच्या चौकटी हव्या होत्या. ती भिंत अम्मींच्या नमाजीपुढची. हजरत आयशा (रजि.) यांनी घरात चित्रांचा पडदा लावला होता, तो पैगंबर (स.) यांना रुचला नाही, आणि मग त्या कापडाचे तक्के केले गेले, ही हदीस बहुतेकींना ठाऊक असते. मला त्यातले कापड वाया न घालवणे नेहमी लक्षात राहते. कॅमेऱ्याच्या फोटोबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. आमच्या घरी रीत अशी की फोटो अल्बममध्ये, अल्बम कपाटात. भाचीने चौकटींचा हट्ट धरला नाही, पण म्हणाली, "अल्बम तरी काढू या."

खरे काम तिथे झाले. अल्बम माझ्याच निकाहचा, मे १९८४ चा, काळा-पांढरा. रंगीत फोटो तेव्हा आम्हाला परवडणारा नव्हता. चाळीस वर्षे मी त्यात माणसेच बघत होते: अब्बा, खाला, कोण हयात आहे, कोण अल्लाहकडे गेले. त्या दुपारी पहिल्यांदा माणसांच्या मागे बघितले. मागे आमचे माजघर होते. भिंतीत ओळीने पाच कोनाडे, त्यात चिमणी, पितळी पानदान, जुजदानात गुंडाळलेले कुरआन शरीफ सर्वांत वरच्या कोनाड्यात. खुंट्यांवर टोप्या आणि पिशव्या. भिंतीचा खालचा चार फुटांचा पट्टा गडद. तो कोणता रंग, हे फोटो सांगत नव्हता. अम्मींनी सांगितले, "खाली गेरू. वर चुन्यात नीळ. तुझ्या अब्बांनी स्वतः लावली होती." चार दिवसांत या विषयावर त्यांनी उच्चारलेले हे पहिलेच वाक्य, असे भाईजान नंतर म्हणाले. गेरूचा पट्टा शोभेपुरता नव्हता. टेकणाऱ्या पाठी आणि मुलांचे हात तिथवरच पोहोचतात, डाग दिसत नाही.

आणि एक गोष्ट. माझ्या एकटीच्या फोटोत चेहऱ्यावर वरून मऊ उजेड पडला आहे. स्टुडिओवाल्याने दिवा आणलाच नव्हता. त्याने मला साण्याखाली बसवले होते. धाब्याच्या घराला छतात उजेडासाठी आणि धूर जायला चौकोनी भोक ठेवतात, ते साणे. मला आठवते ते फक्त उकाडा आणि दुपट्ट्याचे ओझे. त्याने मात्र खोलीत शिरताच अख्ख्या घरातला सगळ्यात चांगला उजेड हेरला होता. ते साणे गळतीमुळे पुढे पत्र्याने झाकले गेले, वरून माती पडली, आणि आम्ही माजघराला अंधारी खोली म्हणू लागलो.

भाची शिडी लावून वर चढली. पत्रा सरकवल्यावर पाव डबा माती खाली आली, भाभी ओरडल्या, आणि मग उजेडाचा चौकोन खाली पडला. नोव्हेंबर असल्यामुळे तो सरळ खाली न पडता उत्तरेला सरकला होता. मेमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा तो जमिनीच्या मधोमध असतो. डिसेंबरात तो भिंतीवर चढून खालच्या कोनाड्यापर्यंत जाईल, हे मी जमिनीवर खडूने काढून दाखवले. अम्मींनी मान वर केली. "उघडले का?" इतकेच विचारले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी पहार ठोकून भिंती बघितल्या आणि साफ सांगितले की पश्चिमेच्या भिंतीला वाळवी आहे, ती राहणार नाही. तिच्यात दोन कोनाडे आहेत. उत्तरेची भिंत मजबूत आहे, पाचही कोनाड्यांसह ठेवता येईल. छत मात्र उतरवावेच लागेल. तुळयांपैकी निम्म्या अजून ठणठणीत आहेत, त्यांच्या फळ्या काढून बसायचे बाक करता येतील. स्लॅब पडेल, पण साण्याच्या जागी दोन बाय दोनचे भोक ठेवून, चारही बाजूंनी वीतभर उंच कट्टा बांधून वर काच. गरम हवा जायला कट्ट्याला फटी. पीओपीचे छत रद्द. त्याच्या पैशांत छताचे वॉटरप्रूफिंग आणि न्हाणीपर्यंतचा कठडा बसतो, असा हिशेब भाईजानने पाकिटाच्या मागे मांडला. पश्चिमेच्या कोनाड्यांचे मला वाईट वाटले. अम्मींचे वळण त्यांच्यातल्याच एकापाशी आहे. कठडा तिथूनच सुरू करायचा असे ठरले.

भाचीची राखाडी भिंत तिच्या खोलीत होणार आहे. ती खोली पूर्वेची, खिडकी मोठी, तिथे तो रंग खुलेल. सोफा लहान येणार, तीन माणसांचा, भिंतीलगत. मोबाइलमधले चारशे फोटो तिने पुसले नाहीत, पुसावेत असे मी म्हटलेही नाही. त्यातला एक, मोरोक्कोतल्या कोणत्या तरी घराचा, भिंतीलगत गाद्या आणि मधे मोकळी जमीन असलेला, तिने मिस्त्रींना दाखवला. मिस्त्री म्हणाले, "हे तर आपल्या बैठकीसारखेच आहे."

तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने निघाले. काच साधी बसवायची, जाड तारेची, की काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिकची पत्री, हे अजून ठरायचे आहे. पत्री स्वस्त आणि हलकी, पण उन्हाने दोन-चार वर्षांत पिवळी पडते. भाईजान खामगावला जाऊन दर काढणार आहेत.