जमाखर्चात नसलेली ओळ

अक्का साताऱ्याहून आली ती रडतच. तिच्या धाकट्याने, म्हणजे माझ्या भाच्याने, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरलाच नाही. नाटकं बसवणार म्हणतो! ज्या मंडळाने बोलावले तिथे जायचे, महिनाभर तालमी घ्यायच्या, प्रयोग झाला की बिदागी घेऊन परत. पुढची सुपारी कधी येईल याचा भरवसा नाही. मी बी.कॉम. झालेला कारकून. पगाराची तारीख नसलेले आयुष्य मला ताळेबंदात बसवताच येत नाही. शिवाय दाजींनी हयातभर गवंड्याच्या हाताखाली काम करून पोरगा शिकवला. म्हटले, ‘‘पाठव त्याला सांगलीला. दोन शब्द सुनावतो.’’

पोरगा आला. मी मुद्दाम विष्णुदास भावे नाट्यमंदिरावरून नेला आणि म्हणालो, ‘‘ह्या भाव्यांनी १८४३ साली इथे ‘सीतास्वयंवर’ केले. पदे रचायची त्यांनीच, तालीम घ्यायची त्यांनीच. पण पाठीशी चिंतामणराव पटवर्धनांसारखे राजे होते. तुझ्या पाठीशी कोण?’’

‘‘मामा, राजे १८५१ ला वारले. पुढं काय झालं?’’

पुढे दरबारचा आधार तुटला आणि भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरले. १८५३ मध्ये मुंबईला जाऊन खेळ केले. म्हणजे नोकरी सुटल्यावरच नाटक सांगलीबाहेर पडले म्हणा ना. माझाच दाखला माझ्यावर उलटला.

मग तो अण्णाभाऊंवर आला. वाटेगाव आमच्याच जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातले. चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशात अण्णाभाऊ घडले. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गणातला गणपती काढला, गौळणीला रजा दिली आणि वगात सावकार, शेटजी, कामगार उभे केले. तमाशाचे लोकनाट्य झाले ते असे. आमच्या चळवळीला हे नवे नव्हते. त्याआधीच भीमराव कर्डकांचा जलसा बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत पोचवत होता.

‘‘आणि शेवट?’’ मी विचारले. १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले ते हलाखीतच. ज्याने ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, जो १९६१ ला रशियाला जाऊन आला, त्याची ही गत.

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘त्यांची हलाखी कुणामुळं, मामा? तुमच्या मंडळानं नाटक बसवणाऱ्याला आजवर काय दिलं?’’

रात्री जेवण झाल्यावर मी जयंती मंडळाच्या वह्या काढल्या. अठरा वर्षांचा हिशेब, अक्षर माझेच. मंडप, लाऊडस्पीकर, जनरेटर, पाहुण्यांचा प्रवासखर्च, भोजन, सगळे पै-पैसह. दर वर्षी १४ एप्रिलच्या आठवड्यात नाटक झालेले. ते बसवायला कुणी ना कुणी महिनाभर संध्याकाळी विहारात येत होते. त्यांच्या नावावर एका वर्षी पुष्पगुच्छ सापडला, एका वर्षी चहा. प्रबोधन फुकट व्हावे असे आपण गृहीतच धरले होते. आणि मी तर वक्त्यांच्या रिक्षाच्या पावत्याही जपून ठेवणारा माणूस!

अक्काला सकाळी काय सांगायचे ते मला सुचेना. ती अजून म्हणते, आधी नोकरी बघ. आणि तिचे चुकते असे मी म्हणू शकत नाही. भाच्याने परीक्षेचा पुढचा फॉर्म भरायचे कबूल केले आहे, तालमी मात्र सोडणार नाही म्हणतो. मी मंडळाच्या बैठकीत अंदाजपत्रक मांडताना मंडपखर्चातून रक्कम कमी करून ‘नाट्यदिग्दर्शक – मानधन’ अशी ओळ घातली. अध्यक्षांनी चष्मा वर करून विचारले, ‘‘हे काय नवीन?’’

‘‘जुनी बाकी आहे,’’ मी म्हणालो.