बंदूक आली, किल्ली कोणाकडे?

घरात नवी वस्तू आली की घर कसे हरखून जाते. फ्रिज येवो, शिलाई मशीन येवो नाहीतर मोटरसायकल येवो, घरची बाई हळदीकुंकू घेऊन पुढे होते, पोरे हात लावायला धावतात आणि शेजारीपाजारी पेढे मागतात. पण एखादी वस्तू अशीही असते, की ती उंबऱ्याच्या आत आली की घर क्षणभर गप्प होते. सातारा जिल्ह्यातल्या एका गावी, एका निवृत्त हवालदारांच्या घरात अशी वस्तू आली. ती होती बारा बोअरची नवी कोरी पंप अॅक्शन बंदूक.

हवालदार २०२२ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झाले. चोवीस वर्षे नोकरी झाली होती. गावी दोन एकर जमीन. घरात म्हातारी आई, पत्नी, कॉलेजात जाणारी मुलगी, शिवाय धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांचा सहा वर्षांचा मुलगा. पेन्शनवर घर चालत होते. पण मुलीला नर्सिंगला जायचे होते आणि तो खर्च पेन्शनमध्ये बसणारा नव्हता. अशात कळले, की तालुक्याच्या गावी एका बँकेच्या शाखेला गनमॅन हवा आहे. भरती एका खासगी सुरक्षा संस्थेमार्फत होती. पगार साध्या पहारेकऱ्यापेक्षा बराच जास्त. अट एकच होती, परवाना आणि बंदूक ज्याची त्याने आणायची.

रीतसर अर्ज झाला, पोलीस चौकशी झाली, परवाना हाती आला. मागच्या पडवीवर स्लॅब टाकण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे हवालदारांनी बँकेतून काढले.

"स्लॅब पुढच्या वर्षी टाकू," ते म्हणाले.

पत्नी काही बोलल्या नाहीत. पंचवीस वर्षांच्या संसारात हवालदारांना एवढे नक्की समजले होते, की ही संमती नव्हे.

दुनाळी की पंप?

कोल्हापूरच्या दुकानात दोन बंदुका समोर आल्या. एक आपली ओळखीची दुनाळी, जुन्या वाड्यांच्या भिंतीवर असायची तशी. दुसरी पंप अॅक्शन. तिची नळी एकच, पण त्या नळीखाली दुसरी बारीक नळी असते आणि काडतुसे तिच्यात एकामागे एक बसतात. डाव्या हाताच्या पकडीखालचा लाकडी भाग मागे ओढला की उडालेले काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलला की नवे आत जाते. हातपंपासारखीच ही क्रिया, म्हणून नाव पंप. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतले प्रसिद्ध कारागीर जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून विंचेस्टर कंपनीने १८९३ आणि १८९७ साली अशा बंदुका काढल्या आणि तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही.

हवालदारांनी पंप घेतली. घरी आल्यावर मुलीने विचारले, "बाबा, बारा बोअर म्हणजे बारा काय?"

तेव्हा त्यांनी तिला हिशेब सांगितला. एक पौंड शिसे घ्यायचे, त्याचे बारा सारखे गोळे करायचे. त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल, ती बारा बोअर. नळीचे तोंड सुमारे साडेअठरा मिलिमीटर. म्हणजे बोअरचा आकडा जितका मोठा, तितकी नळी लहान. हा उलटा हिशेब मुलीला फार आवडला. तिची आई मात्र दाराला टेकून नळीच्या तोंडाकडेच पाहत होती.

खोक्यातून काढताना बंदुकीला तेलाचा उग्र वास होता. वजन तीन-सव्वातीन किलो. हवालदारांनी उमेदीची वर्षे आधी एसएलआर आणि मग इन्सास रायफल खांद्यावर वागवण्यात घालवली होती. त्यापुढे ही हलकी वाटली, पण थोडी तोंडाकडे झुकणारी. पंपाची हालचाल नवेपणामुळे घट्ट होती. हात अर्धवट ओढला की आतली यंत्रणा अडखळायची. पूर्ण मागे, पूर्ण पुढे, हे हाताच्या अंगवळणी पडायला हवे होते.

एक गोष्ट मात्र त्यांना पहिल्याच दिवशी खटकली. दुनाळी मधून मोडली की दोन्ही नळ्यांतून पलीकडचे आभाळ दिसते. भरलेली आहे की रिकामी, हे लहान पोरसुद्धा सांगेल. पंपाचे पोट झाकलेले. नळीत काडतूस नसले तरी खालच्या नळीत असू शकते आणि एकदा पंप ओढला की ते वर येते. रिकामी दिसणारी ही बंदूक रिकामी असेलच असे नाही. ती उघडून, नजर घालून आणि वर बोट घालून खात्री करावी लागते.

गोळी एकटी जाते

नव्या बंदुकीची ओळख करून घेण्यासाठी हवालदार एका रायफल क्लबच्या मैदानावर गेले. बारा बोअरची काडतुसे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होतात. १८६९ सालापासूनचा हा कारखाना. तशा काडतुसांचे एक पाकीट त्यांनी सोबत नेले होते.

वीस पावलांवर एका लाकडी चौकटीला वर्तमानपत्राचे पान लावले. पहिला बार काढला आणि दस्त्याने खांद्याला असा हिसका दिला, की चोवीस वर्षांच्या सैनिकालाही पाय पुन्हा रोवून उभे राहावे लागले. पण खांद्यापेक्षा त्यांना कागदाने जास्त विचारात पाडले. पुढच्या प्रत्येक बाराला ते कागद मागे मागे नेत गेले आणि छर्ऱ्यांची चाळण रुंद होत गेली. पस्तीस पावलांवर काही छर्रे कागद सोडून चौकटीच्या लाकडातच घुसले होते.

रायफलच्या नळीत आतून पीळ असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत. बारीक छर्ऱ्यांचे काडतूस असेल तर एका बाराबरोबर शंभराहून अधिक छर्रे बाहेर पडतात आणि जितके दूर जातील तितके पसरतात.

घरी आल्यावर धाकट्या भावाने उत्साहाने विचारले, "काय दादा, कशी आहे?"

"चांगली आहे," हवालदार म्हणाले. "पण गोळी एकटी जाते, छर्रे आख्खं गणगोत घेऊन जातात."

भाऊ हसला. हवालदारांच्या डोळ्यांसमोर मात्र बँकेची शाखा होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन काढायला आलेल्या म्हाताऱ्यांची रांग, बचत गटाच्या बायका, कडेवरची मुले. तिथे दरोडेखोर आला तरी छर्रे काही माणूस निवडून लागणार नव्हते. आपल्याला पगार बार काढण्याचा मिळणार नसून बार न काढता उभे राहण्याचा मिळणार आहे, हे त्यांना त्या फाटक्या कागदापुढेच उमगले होते.

घरात कोत नसते

खरा प्रश्न उभा राहिला तो घरी. पहिल्या रात्री बंदूक लोखंडी ट्रंकेत ठेवून ट्रंक पलंगाखाली सरकवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वर्षांचा पुतण्या अंगणात केरसुणी घेऊन उभा. एका हाताने केरसुणीचा मधला भाग मागे ओढत तो तोंडाने 'खचाक' असा आवाज काढत होता. समोर शेजारची मुलगी हात वर करून उभी होती.

काकूंनी ते पाहिले. हातातली परात तशीच ठेवून त्या आत आल्या.

"अहो, लष्करात तुमची बंदूक रात्री कुठं असायची?"

"कोतमध्ये."

कोत म्हणजे पलटणीचे शस्त्रागार. काम संपले की शस्त्र तिथे जमा होते. कोण नेतो, किती वाजता नेतो, कधी परत करतो, याची वहीत नोंद होते. कोतवर नेमलेला माणूस वेगळा असतो आणि त्याच्यापुढे कोणाची मोठेपणाची मात्रा चालत नाही.

"मग चोवीस वर्षांत एक रात्र तरी बंदूक उशाशी घेऊन झोपायला दिली का तुम्हाला तुमच्या बराकीत?"

"नाही."

"तिथं सगळी शिकलेली माणसं होती, तरी कुलपात ठेवत होते. इथं सहा वर्षांचं पोर आहे. मग इथं कोत नको?"

हवालदारांना राग आला. शस्त्र कसे सांभाळायचे हे आता घरात शिकायचे? पण रागातही त्यांना एक गोष्ट नाकारता येईना. आयुष्यभर ज्या बंदुका वापरल्या त्या सरकारच्या होत्या. ही पहिलीच अशी, जी संध्याकाळी परत घ्यायला कोणी समोर उभे नव्हते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे बंदूक घरी सुरक्षित ठेवण्याची हमी त्यांनी परवान्याच्या वेळी लिहून दिली होती. सही त्यांची होती. पण ती हमी पाळायची होती आख्ख्या घराने.

त्याच आठवड्यात एक जाड पत्र्याचे उभे कपाट आले आणि भिंतीत बोल्ट मारून बसवले गेले. बंदूक त्यात. काडतुसे मात्र त्यात नाहीत. ती आतल्या खोलीत, काकूंच्या गोदरेजच्या कपाटातल्या चोरकप्प्यात, दागिन्यांच्या डब्याशेजारी. दोन्ही किल्ल्या काकूंच्या कमरेला. शंभर पानी वहीवर उभ्या रेघा मारून रकाने पडले: तारीख, नेली, आणली, काडतुसे, सही.

बंदूक रिकामी आहे हे कसे ओळखायचे, तेही काकूंनी शिकून घेतले. नळीचे तोंड कोणाकडे नाही हे पाहायचे, चापापासून बोट दूर ठेवायचे, पंप मागे ओढायचा, नळीच्या मागच्या खाचेत बोट घालायचे, मग खालच्या नळीच्या तोंडाशी बोट फिरवायचे. पहिल्यांदा त्यांचा हात थरथरला. आठ दिवसांनी त्या हे काम भाताचे शीत चेपून पाहावे इतक्या सहजतेने करू लागल्या. पुतण्यालाही त्यांनी जवळ बसवून सांगितले, की हे खेळणे नाही आणि कधी ती उघड्यावर दिसली तर हात न लावता मोठ्या माणसाला हाक मारायची. लपवलेल्या वस्तूची मुलांना ओढ जास्त असते, सांगितलेल्या वस्तूची कमी, हे त्या आई म्हणून जाणून होत्या.

खंडेनवमीला सासूबाईंनी शस्त्रपूजेसाठी बंदूक मागितली. ती उघडून, तपासून पाटावर ठेवली गेली. ओल्या गंधाने पोलाद गंजेल म्हणून गंध-फूल फक्त लाकडी दस्त्याला. पूजा झाली, प्रसाद वाटला गेला आणि बंदूक पुन्हा कुलपात गेली. वहीत त्या दिवसाचीही नोंद आहे.

बहिणीचा हट्ट

परीक्षा पुढेच होती. मार्गशीर्षात हवालदारांच्या भाच्याचे लग्न निघाले. बहीण मुद्दाम येऊन सांगून गेली, "दादा, वरातीत एक बार काढायचा. मिलिटरीतला मामा असून बार नाही, तर लोक काय म्हणतील?"

धाकट्या बहिणीने आयुष्यात फारसे काही मागितले नव्हते. शस्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा आनंदाचा गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हवालदारांनी हे सांगून पाहिले. कायद्याची भाषा बहिणीच्या गळी उतरेना. "हवेतच तर काढायचाय," ती म्हणाली.

तेव्हा हवालदार उठले आणि त्यांनी मैदानावरून आणलेला तो चाळण झालेला कागद तिच्यापुढे पसरला. "हवेत गेलेलं खाली येतंच, ताई. आणि गर्दीत माझा हात कोणाचा धक्का लागून खाली आला, तर या भोकांच्या जागी वरातीतली कोणाची पोरं असतील, ते तूच सांग."

बहीण कागदाकडे पाहत राहिली. मग काही न बोलता उठून गेली. लग्नात ती भावाशी जेमतेम बोलली. वरातीत बार निघाला नाही. हवालदार डोक्याला फेटा बांधून, रिकाम्या हातांनी नवरदेवाच्या घोड्यापुढे चालले. मनात रुखरुख होती. पण संक्रांतीला बहिणीकडून तिळगूळ आला, तेव्हा ती बरीचशी विरघळली.

आता बँकेतली नोकरी अंगवळणी पडली आहे. पंपाचा घट्टपणा गेला आहे, खांद्यावरचा पट्टा रुळला आहे. दाराशी उभ्या असलेल्या हवालदारांना आजीबाई पैसे भरण्याची स्लिप लिहून मागतात, तेही बंदूक सावरून लिहून देतात. मुलीचे नर्सिंगचे पहिले वर्ष सुरू झाले आहे. पडवीवर स्लॅब अजून पडलेला नाही. पावसाळ्यात तिथे दोन ठिकाणी गळते.

शंभर पानी वही मात्र संपत आली आहे. काकूंच्या वळणदार अक्षरात रोज दोन नोंदी. सकाळी काडतुसे पाच गेली, संध्याकाळी पाच आली. मध्यंतरी मुलगी सुटीवर घरी आली होती. तिने सगळी पाने चाळली आणि म्हणाली, "आई, अगं सगळीकडे एकच आकडा आहे. कशाला लिहीत बसतेस?"

"तोच आकडा यावा म्हणून," काकू म्हणाल्या आणि दुसऱ्या वहीवर रेघा मारायला बसल्या.