कीस कुठे पडणार?

एसी बसवणाऱ्याच्या पिशवीतली सर्वांत दुर्लक्षित वस्तू कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी बर, म्हणजे पाईप कापल्यावर कडेला राहणारा धातूचा ओठ, काढायच्या हत्याराचं नाव घेईन. व्हॅक्यूम पंप, गेज, फ्लेअरिंग टूल यांवर माणसं हजारो रुपये घालतात आणि तांब्याच्या पाईपचं तोंड साफ करायला स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत घालून फिरवतात. मी हे चांगल्या, अनुभवी हातांनाही करताना पाहिलं आहे.

पाईप कटर कितीही महागडा असला तरी आतल्या बाजूला बर येतोच. कटरचं चाक करवतीसारखं धातू काढून टाकत नाही. ते धातू दाबत जातं आणि तोंडाशी आत वळलेला ओठ तयार होतो. चाक बोथट झालेलं असेल किंवा घाईघाईत मूठ जास्त आवळली असेल, तर तो ओठ आणखी जाड येतो. पाव इंची पाईपची जाडी असते मिलिमीटरच्या आत. त्यावर फ्लेअर काढला, म्हणजे तोंड फनेलसारखं पसरवलं, की हाच ओठ नेमका फिटिंगचा शंकू जिथे टेकणार त्या चकचकीत पृष्ठावर येतो. जुन्या आर-22 गॅसचा दाब उन्हाळ्यात 250 पीएसआयच्या आसपास जायचा, त्यात असल्या गोष्टी खपून जायच्या. आताच्या आर-32 आणि आर-410ए गॅसचा दाब तशाच दिवशी 400 पीएसआयच्या घरात असतो. मग तिथून गॅस हळूहळू गळतो आणि दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाचा फोन येतो, ‘‘अहो, थंड होत नाही.’’

आमचे उस्ताद कटरच्या पाठीला असलेलं त्रिकोणी पातं वापरायचे. ते फुकट येतं, हाताशी असतं, आणि तांबं मऊ असल्याने चालतंही. पण ते मधोमध धरता येत नाही. एका बाजूला जास्त खरवडतं आणि तिथली कड सुरीसारखी पातळ होते. असल्या कडेवर फ्लेअर काढला तर तो चिरतो. त्यानंतर मी बोहरी आळीतून पिंपाच्या आकाराचा रीमर आणला, एका तोंडाने आतून आणि दुसऱ्या तोंडाने बाहेरून साफ करणारा. वर्कशॉपमध्ये, बाकावर, सुट्या पाईपला तो झकास. पाईपचं तोंड खाली करायचं, दोनतीन वेळा हलक्या हाताने फिरवायचं, कीस जमिनीवर.

पण आमचं निम्मं काम बाकावर होत नाही. पुण्यातल्या नव्या इमारतींमध्ये बिल्डर तांब्याचे पाईप आधीच भिंतीत गाडून ठेवतो. बाल्कनीत त्यांची टोकं वर तोंड करून उभी असतात, कधी कधी हॅकसॉने कापून पक्कडीने चेमटवलेली. अशा पाईपचं तोंड खाली कसं करणार? तिथे माझी हत्यार निवडायची पद्धतच बदलली. हत्याराला धार किती, यापेक्षा निघालेला कीस कुठे पडणार, हे मी आधी विचारायला लागलो. कारण बर नुसता राहिला तर गळती होते, ती निदान सापडते. आत पडलेला कीस गॅसबरोबर फिरतो. वाटेतल्या गाळणीच्या जाळीत अडकला तर बरं, नाही तर कॅपिलरी गाठतो, जिचं भोक दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हची सुई. त्याच्या पुढे कॉम्प्रेसर.

या कसोटीला कानस पहिल्या फेरीत बाद. ती बुकणी पाडते, आणि बुकणी परत गोळा होत नाही. पिंपवाला रीमर बारीक तुकडे पाडतो. उरतं ते पेनासारखं हत्यार, ज्याचं वाकडं पातं मुठीत गरागरा फिरतं. इस्रायलच्या नोगा कंपनीने हा प्रकार जगभर पोहोचवला. आता त्याच्या नकला सगळीकडे मिळतात. पातं आतल्या कडेला टेकवून, फारसा जोर न देता गोल फिरवलं की तांब्याची एकसंध तार निघते, पेन्सिल शार्पनरमधून निघावी तशी, आणि ती चिमटीत धरून बाहेर घेता येते. जोर दिला तर मात्र पातं थरथरतं आणि कडेवर लाटा उमटतात.

तरीही कण पडायची धास्ती असते. काही जण तोंडात फडक्याचा बोळा कोंबतात. मला ते पटत नाही. बोळा आत विसरलेला मी पाहिला आहे. त्यापेक्षा पाईपच्या दुसऱ्या टोकाने नायट्रोजन अगदी मंद सोडावा, म्हणजे सुटलेला कण बाहेरच फेकला जातो. डोळ्यांवर चष्मा तेवढा हवा.

प्लंबिंगमध्ये हिशेब निराळा. जीआय पाईपला आटे पाडणारे रॅचेटवरचा मोठा रीमर वापरतात, तिथे हे पेन टिकणार नाही. सीपीव्हीसीला आतल्या सफाईबरोबर बाहेरची कडही उतरती करावी लागते, नाही तर फिटिंगमध्ये जाताना ती सोल्व्हंट खरवडून पुढे ढकलते. तांब्याच्या पाण्याच्या लाइनीत बर राहिला तर पाणी तिथे भोवरे घेतं आणि पाईप आतून झिजत जातो. अमेरिकेतल्या कॉपर डेव्हलपमेंट असोसिएशनच्या हस्तपुस्तिकेतही पाईप कापल्यावर तो रीम करायला बजावलेलं आहे.

फिरत्या पात्याचं हत्यार घ्यायला जाल तेव्हा पाईपचा एक तुकडा खिशात न्या आणि काउंटरवरच फिरवून बघा. पातं मुठीत लटपटत असेल तर परत द्या. स्टील, अॅल्युमिनियम, तांब्यासाठी एस-10 पातं मागा. एस-20 हे पितळ आणि बिडासाठी असतं, ते चुकून गळ्यात पडू देऊ नका. आणि त्याच दुकानात सुट्या पात्यांचं पाकीट मिळत नसेल, तर ते हत्यार कितीही स्वस्त असो, घेऊ नका.