हीरोला झोप का येत नाही?

आमच्या होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एका तरी रूममध्ये ब्रॅड पिटचं पोस्टर असतंच. लाल लेदर जॅकेट, ओठात सिगारेट आणि 'जग गेलं उडत' असा चेहरा. 'फाइट क्लब'मधला टायलर डर्डन! ज्याला जिममध्ये जायला वेळ मिळत नाही त्याच्या भिंतीवर तर तो हमखास सापडतो.

मीही त्या सिनेमाचा फॅन आहे. पण गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या काळात (सबमिशनच्या काळात सिनेमेच पाहायचे असतात, हे सूज्ञांस सांगणे न लगे!) असे तीन-चार सायकॉलॉजिकल थ्रिलर लागोपाठ पाहिले आणि एक गंमत लक्षात आली. या सिनेमांतल्या हीरोंना झोपच येत नाही.

मार्टिन स्कॉर्सेसीचा 'टॅक्सी ड्रायव्हर' (१९७६) घ्या. व्हिएतनाम युद्धाहून परतलेला ट्रॅव्हिस रात्री झोप लागत नाही म्हणून न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवायला लागतो. 'फाइट क्लब'च्या (१९९९) निवेदकाला झोप नाही. 'द मशिनिस्ट'मधला (२००४) ट्रेव्हर म्हणतो, मी वर्षभर झोपलेलो नाही. या रोलसाठी ख्रिश्चन बेलने सुमारे २८ किलो वजन कमी केलं होतं. त्याच्या बरगड्या पाहून आपल्याला मेसचं जेवण आठवतं, पण तो विषय वेगळा.

आता हे तिघे का झोपत नाहीत? (ज्यांनी सिनेमे पाहिलेले नाहीत त्यांनी इथून पुढे आपापल्या जबाबदारीवर वाचावं. शेवट फुटणार आहेत.)

'फाइट क्लब'चा निवेदक एका कार कंपनीत नोकरीला आहे. त्याचं काम आपल्या लाइनचं. सदोष गाड्या परत बोलवायच्या का नाही हे ठरवायचं. किती गाड्या रस्त्यावर आहेत, त्यांतल्या किती बिघडण्याची शक्यता आहे आणि कोर्टाबाहेर मिटवायला सरासरी किती खर्च येईल, या तिघांचा गुणाकार करायचा. उत्तर गाड्या परत बोलवायच्या खर्चापेक्षा कमी आलं तर गाड्या तशाच रस्त्यावर! घरात कॅटलॉगमधून मागवलेलं फर्निचर आहे, पण नाव घेऊन हाक मारणारं माणूस नाही. अख्ख्या सिनेमात त्याचं खरं नाव आपल्याला कळत नाही.

डॉक्टर त्याला झोपेच्या गोळ्या देत नाही. खरं दुःख बघायचं असेल तर कॅन्सर झालेल्या पुरुषांच्या बैठकीला जा, म्हणतो. तो जातो. तिथे बॉब नावाचा एकेकाळचा बॉडीबिल्डर त्याला मिठीत घेतो आणि हा ढसाढसा रडतो. त्या रात्री त्याला लहान बाळासारखी झोप लागते! माझ्या मते हा सिनेमातला सगळ्यात महत्त्वाचा सीन आहे. मारामारी नंतर येते, औषध आधीच सापडलेलं असतं. पण रोज रडायला जाणं कुठल्या पुरुषाला परवडणार? मग रडण्याच्या जागी ठोसे येतात आणि बॉबच्या जागी टायलर येतो. टायलर कोण, हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. स्वतःशीच मारामारी चाललेली असते. आणि गंमत बघा, 'आम्ही गुलाम नाही' म्हणत जमलेली ही पोरं शेवटी डोकी भादरून, नावं टाकून, एकाच्या हुकमावर चालणारी फौज होतात. पोस्टरवर हे येत नाही.

ट्रेव्हर हा मिलिंग मशीनच्या शॉपमधला कामगार. त्याने एका मुलाला गाडीखाली चिरडलेलं आहे आणि तो थांबलेला नाही. ही गोष्ट त्याने स्वतःपासूनही लपवली आहे. शेवटी तो पोलिसांपुढे जाऊन बोलतो आणि कोठडीत, वर्षभरानंतर, झोपतो. सिनेमा तिथेच संपतो.

ट्रॅव्हिसला तर तेवढंही मिळत नाही. तो डायरी लिहितो. एकदा धीर करून एका सीनियर ड्रायव्हरला सांगायला जातो, की माझ्या डोक्यात वाईटसाईट विचार येताहेत. तो बिचारा काहीतरी गोलगोल तत्त्वज्ञान सांगतो. मजा कर, दारू पी, होईल सगळं ठीक, अशा छापाचं. माणूस वाईट नाही हो, पण एका पुरुषाने दुसऱ्याला 'मला त्रास होतोय' म्हटलं तर पुढे काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. आपल्याकडे याचं भाषांतर तयार आहे : "टेन्शन नको घेऊ यार, चल, चहा मारू." त्यानंतर ट्रॅव्हिस आरशाशी बोलतो. हातात पिस्तूल घेऊन.

पण मला आतून हलवलं ते चौथ्या सिनेमाने. जोएल शूमाकरचा 'फॉलिंग डाउन' (१९९३). याचा हीरो चक्क इंजिनिअर! मायकेल डग्लस. पांढरा शर्ट, टाय, खिशात पेनं. लॉस एंजेलिसच्या ट्रॅफिक जॅममध्ये, भर उन्हात, तो गाडी सोडून चालू लागतो आणि दिवसभरात शहरात हाहाकार माजवतो. संरक्षण खात्याच्या कामावरचा हा माणूस. शीतयुद्ध संपलं तसं कॅलिफोर्नियातल्या त्या उद्योगातल्या हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांतलाच हा एक. पण आईला त्याने सांगितलेलंच नाही. रोज सकाळी ब्रीफकेस घेऊन निघतो. ती ब्रीफकेस पुढे एका भिकाऱ्याच्या हाती लागते. तो उघडतो तर आत फक्त दुपारचं जेवण!

थिएटरमध्ये कदाचित लोक हसले असतील. मला हसू आलं नाही. कारण मी नववीत असताना बाबांची कंपनी बंद पडली. बाबा टर्नर. सकाळी पावणेसातला युनिफॉर्म घालून, डबा घेऊन निघायचे. कंपनी बंद झाल्यावरही निघत राहिले. दिवसभर एस.टी. स्टँडवर नाहीतर वाचनालयात बसायचे, डबा तिथेच खायचे आणि साडेचारला घरी. रात्री मात्र गॅलरीत फेऱ्या. मला वाटायचं, उकडतंय म्हणून.

आईला कुणी सांगितलं नाही. तिला कपडे धुताना कळलं. शर्टाला कटिंग ऑइलचा वास येईना! आठ दिवस ती काही बोलली नाही. मग एका रात्री गॅलरीत जाऊन एवढंच म्हणाली, "अहो, शर्टाला वास येत नाहीये ऑइलचा. दिवसभर कुठं बसता? ऊन लागतं का तिथं?" 'नोकरी गेली का' असं तिने विचारलंच नाही. बाबा बराच वेळ बोलत होते, मला आत ऐकू येत होतं. मधेच आवाज थांबला. आमच्या घरात बाबांचं रडणं मी तेवढंच ऐकलंय. दुसऱ्या दिवशी ते दहा वाजेपर्यंत झोपले. पुढे दोन महिन्यांनी एका छोट्या वर्कशॉपमध्ये कमी पगारावर लागले, अजून तिथेच आहेत.

डग्लसला असं कुणी विचारणारं उरलेलं नव्हतं. असं म्हटलं की तो हीरो होतो, आणि इथेच घोटाळा आहे. कारण त्याची घटस्फोटित बायको सिनेमाभर जीव मुठीत धरून आहे. त्याने जवळ येऊ नये म्हणून तिने कोर्टाचा आदेश मिळवलाय. शेवटी पोलीस समोर उभा राहतो तेव्हा त्याला खराखुरा धक्का बसतो, की म्हणजे व्हिलन मी आहे? होय बाबा, तूच आहेस. त्याचं दुःख खरं, पण त्याची किंमत ती आणि तिची मुलगी मोजतात. आपण मुलं हे सिनेमे बघताना नेमकं हेच विसरतो. 'अमेरिकन सायको' (२०००) तर मेरी हॅरन या दिग्दर्शिकेने पुरुषांच्या बडेजावाची टर उडवायला केलेला. त्यात दुसऱ्याचं व्हिजिटिंग कार्ड आपल्यापेक्षा भारी निघालं म्हणून हीरोला घाम फुटतो. आणि आज त्याच पॅट्रिक बेटमनच्या क्लिप्स 'खरा मर्द कसा असतो' म्हणून फिरतात!

हसू नका. व्हिजिटिंग कार्डाच्या जागी पॅकेजचा आकडा टाका. प्लेसमेंटच्या महिन्यात आपल्या विंगमध्ये दुसरं काय चालतं? 'पुरुषासारखा पुरुष असून रडतोस काय', 'हातात बांगड्या भरल्यात का' हे ऐकतच आपण मोठे झालो. मटेरियल सायन्सला शिकलोय की वाकणारं मटेरियल तुटण्याआधी इशारा देतं. ब्रिटल असतं ते देत नाही. आपल्याला कौतुक मात्र न वाकणाऱ्याचं!

या सीझनला कुणाच्या रूममध्ये तीन वाजता लाइट चालू दिसला आणि 'काय रे?' म्हटल्यावर 'काही नाही' असं उत्तर आलं, तर चहाला नक्की न्या. पण चहा पिताना परत एकदा विचारा. थेट नाही विचारता आलं तर ऑइलच्या वासाबद्दल विचारा. बघा पटतंय का!

– बी.ई. मेकॅनिकल