फुकटच्या विजेचा हिशेब

विजेवरच्या गाडीचं बुकिंग करून आम्हाला दीड महिना झाला होता. पंधरा दिवसांत गाडी दारात येणार, तोच शोरूममधून फोन आला. “साहेब, नवी स्कीम आलीय. जुनं बुकिंग रद्द करून नव्यानं करा, सहा महिने चार्जिंग फुकट! सतरा हजारांचा फायदा आहे.”

फुकट म्हटलं की आपला मध्यमवर्गीय जीव पाघळतोच. सौ. लगेच म्हणाली, “मग करून टाका की!”

रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. महिन्याला हजार किलोमीटर, युनिटला सात किलोमीटर, म्हणजे साधारण 143 युनिट. बाहेरच्या स्टेशनवरच्या 20 रुपये दराने सहा महिन्यांचे 17 हजार होतात. सेल्समनचा आकडा बरोबर! पण एरवी मी तिथं कशाला गेलो असतो? आमच्या पार्किंगमधल्या मीटरवर युनिट 9 रुपयांना पडतं. म्हणजे खरी बचत पावणेआठ हजारांची. तीही दर आठवड्याला आठ किलोमीटर जाऊन, तासभर ताटकळत बसलो तर.

शिवाय नवं बुकिंग म्हणजे रांगेत शेवटी. गाडी दोन महिने उशिरा. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं. रिक्षाचे जाऊन-येऊन 350, सोळा खेपांचे 5,600. परतताना त्यांना मळमळतं, रिक्षा रस्त्याकडेला थांबवावी लागते. ते कोणत्या रकान्यात लिहायचं, कळेना.

सकाळी फोन करून सांगितलं, “जुनंच राहू द्या.” सौ. मात्र अधूनमधून त्या सतरा हजारांची आठवण काढते.