नॅशव्हिलला जाल तेव्हा वादकाचा उजवा पाय पाहा

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याची राजधानी म्हणजे नॅशव्हिल. कंबरलँड नदीकाठचं हे शहर 'म्युझिक सिटी' म्हणून ओळखलं जातं आणि कंट्री म्युझिकचं ते माहेरघर आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मुलांकडे, नातेवाइकांकडे तुम्ही कधी गेलात, तर लोअर ब्रॉडवे दाखवायला तुम्हाला नक्की नेतील. निऑनचे दिवे, काउबॉय बुटांची दुकानं आणि एकमेकांना खेटून उभे असलेले गाण्याचे बार. या बारना तिथे 'हाँकी-टाँक' म्हणतात. सकाळी दहा-अकराला सुरू झालेलं गाणं मध्यरात्र उलटली तरी चालूच असतं.

बहुतेक पाहुणे गायकाचा फोटो काढतात आणि पुढच्या दारात शिरतात. तुम्ही थोडं वेगळं करा. बँडमध्ये कोणी बसून टेबलासारखं दिसणारं वाद्य वाजवत असेल, तर तिथे थांबा. आणि हातांच्या आधी त्याच्या पायांकडे बघा.

टेबलासारखं गिटार

या वाद्याचं नाव पेडल स्टील गिटार. चार पायांवर आडवं उभं राहणारं आणि बहुधा दहा तारांचं. वादकाच्या डाव्या हातात स्टीलची गुळगुळीत कांडी असते, ती तारांवरून सरकते. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या असतात, सतारियाच्या बोटात असते तशाच कामाच्या.

पण खरी गंमत खाली आहे. श्रोत्यांच्या बाजूच्या दोन पायांमध्ये जमिनीलगत एक आडवी दांडी असते. तिच्यावर साधारण तीन पेडल बसवलेली असतात आणि ती डाव्या पायाने दाबायची. गुडघ्यांच्या आजूबाजूला आणखी चार-पाच लीव्हर लोंबत असतात. पेडल किंवा लीव्हर दाबला की ठरावीक तारांचा ताण बदलतो आणि त्यांचा स्वर चढतो किंवा उतरतो. बाकीच्या तारा मात्र आपल्या स्वरावर स्थिर राहतात. एकाच वेळी एक स्वर थांबलेला आणि दुसरा मींड घेत निघालेला, असा तो आवाज ऐकू येतो.

आता उजवा पाय. तो एका वेगळ्याच पेडलवर असतो. त्याला व्हॉल्यूम पेडल म्हणतात. गिटारमधून निघालेली वायर आधी या पेडलमध्ये जाते आणि तिथून अँप्लिफायरमध्ये. पाऊल पुढे दाबलं की आवाज वाढतो, टाचेकडे घेतलं की कमी होतो.

विरणारा स्वर धरून ठेवणारा पाय

तुम्ही म्हणाल, आवाज कमी-जास्त करायला बटण पुरेसं नाही का? नाही. कारण इथे पेडलचं काम आवाज मोठा करणं एवढंच नाही.

कोणतीही तार छेडली की तिचा आवाज त्याच क्षणापासून विरायला लागतो. हार्मोनियमवाला भाता हलवत राहतो म्हणून त्याचा सूर टिकतो. व्हायोलिनवाल्याकडे गज असतो. छेडून वाजवायच्या वाद्याकडे असं काही नसतं. म्हणून पेडल स्टीलचा वादक पेडल साधारण अर्ध्यावर ठेवून तार छेडतो. स्वर विरू लागला की तेवढ्याच वेगाने पाऊल हळूहळू पुढे दाबतो. तार थकत जाते, पण आपल्याला स्वर तसाच चालू असल्याचं ऐकू येतं. गायकाने दमसास लावून एखादा स्वर धरून ठेवावा, तसं. कंट्री गाण्यांत रडवेला, हुरहुर लावणारा जो लांब सूर येतो, त्याचं मोठं श्रेय या उजव्या पायाला जातं.

पायमशीनवर शिवणारा कारागीर पायाने वेग सांभाळतो आणि नजर कापडावर ठेवतो. इथेही पायाकडे बघायला सवड नसते. पेडल नेहमी त्याच जागी सापडलं पाहिजे.

पेडल सरकलं तर?

इथेच एक साधी पण महत्त्वाची अडचण येते. व्हॉल्यूम पेडल हा मुळात जमिनीवर ठेवायचा सुटा डबा. गाणं रंगात आलं, पाऊल जोरात पडलं की तो पुढे किंवा बाजूला सरकतो. दोन इंच सरकला तरी पंचाईत. कारण उजव्या पायाचं पाऊल पेडलवर ठेवून त्याच पायाच्या गुडघ्याने डावीकडचे-उजवीकडचे लीव्हर ढकलायचे असतात. पाऊल जागचं हललं की गुडघाही हलतो आणि नको तो लीव्हर दाबला जाऊन भलताच स्वर लागतो.

यावर वादकांनी आपापले उपाय काढले आहेत. कोणी वाद्याखाली गालिच्याचा तुकडा पसरतं, म्हणजे पेडल घसरत नाही. अनेक जण पेडल थेट त्या आडव्या दांडीलाच ब्रॅकेटने अडकवून टाकतात. आधी खुर्चीवर नेहमीसारखं बसायचं, डावा पाय पेडलवर, दोन्ही गुडघे लीव्हरांच्या मधोमध. मग उजवं पाऊल जिथे सहज पडतं तिथे पेडल आणायचं आणि ब्रॅकेट कसायचं. पाय लांब असलेल्याची जागा वेगळी, बुटक्या माणसाची वेगळी. उंच टाचेचे काउबॉय बूट घातले तर पावलाचा कोनही बदलतो. म्हणून हे काम दुसऱ्याच्या मापाने होत नाही.

ब्रॉडवेवर या बसवलेल्या पेडलची किंमत कळते. तिथले मंच छोटे. एक बँड आपली तीन-चार तासांची पाळी संपवून उतरतो आणि दुसरा लगेच चढतो. पेटीसकट वीस-तीस किलोच्या घरातलं वाद्य गर्दीतून आत आणायचं, पाय जोडायचे, दांडी लावायची, तारा जुळवायच्या. अशा घाईत पेडल कुठे ठेवायचं हा एक प्रश्न तरी आधीच सुटलेला असतो.

जिथे हे वाद्य घडलं

४१६, ब्रॉडवे हा पत्ता लक्षात ठेवा. आज इथे 'रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड' हा हाँकी-टाँक आहे. एका भिंतीवर काउबॉय बूट मांडलेले दिसतात आणि तळलेल्या बोलोनी सँडविचसाठी ही जागा प्रसिद्ध आहे. शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं. पण त्याआधी याच जागी 'शो-बड' या पेडल स्टील बनवणाऱ्या कंपनीचं दुकान होतं. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोन वादकांनी १९५०च्या दशकात ही कंपनी काढली. दोघांच्या नावांवरून शो-बड.

तेव्हा हे वाद्य नवंच होतं. १९५४ मध्ये गायक वेब पिअर्स यांचं 'स्लोली' हे गाणं गाजलं. त्यात बड आयझॅक्स यांनी तारा वाजत असतानाच पेडल दाबून स्वर चढवला होता. तो आवाज ऐकून स्टील गिटारवाले आपल्या वाद्यांना पेडल जोडायला लागले.

रॉबर्ट्सच्या मागच्या गल्लीपलीकडे राइमन ऑडिटोरियम आहे. १८९२ मध्ये प्रार्थनासभांसाठी बांधलेली ही वास्तू. आतले लाकडी बाक आणि रंगीत काचा अजून जुन्या प्रार्थनागृहाची आठवण देतात. 'ग्रँड ओल ऑप्री' हा प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रम १९४३ ते १९७४ इथून होत असे. म्हणजे वाद्य विकणारं दुकान, ते वाजणारा मंच आणि वादकांच्या बैठकीचे बार, सगळं काही पावलांच्या अंतरावर.

आपलंही नातं आहे

या वाद्याचा आवाज तुम्हाला ओळखीचा वाटला, तर नवल नाही. स्टील गिटारचा जन्म हवाई बेटांवरचा. तिथल्या जोसेफ केकुकू या मुलाने १९व्या शतकाच्या अखेरीस तारांवर धातूची वस्तू सरकवून वाजवण्याची पद्धत रूढ केली, असं मानलं जातं. तिथून ही पद्धत एकीकडे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेली आणि दुसरीकडे आपल्याकडे आली. हवाईचे टाऊ मो आणि त्यांचं कुटुंब १९४०च्या दशकात कोलकात्यात राहत होतं. बंगालमध्ये हवाईयन गिटार घराघरांत पोहोचलं. हिंदी गाण्यांच्या धून व्हॅन शिपले, हजारा सिंग यांच्या गिटारवर आपल्या आजी-आजोबांनी ऐकल्या आहेत. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत ब्रिजभूषण काब्रा यांचं गिटार आहे. आपल्याकडे मींड आधीपासून होती, म्हणून सरकणारा स्वर आपल्याला परका वाटला नाही. अमेरिकेत त्याला पेडल जोडली गेली.

एका नोटेचा प्रश्न

आता थोडं आजचं. ब्रॉडवेवर गेल्या काही वर्षांत प्रसिद्ध गायकांच्या नावाचे अनेक मजली बार उभे राहिले. तिथे रॉक आणि पॉपची गाणी भरपूर वाजतात आणि त्यांत पेडल स्टीलची गरज भासतेच असं नाही. बहुतेक हाँकी-टाँकमध्ये शिरायला तिकीट नसतं आणि वादकांची कमाई मोठ्या प्रमाणात टिपवर चालते. गाण्यांच्या मध्ये बरणी किंवा बादली फिरते, तिच्यात जमलेले पैसे वाटून घ्यायचे. बँडमध्ये एक माणूस वाढला की प्रत्येकाचा वाटा घटतो. म्हणून स्टीलवाल्याला सोबत घ्यायचं की नाही, हा निर्णय शेवटी त्या बरणीपर्यंत जाऊन पोहोचतो. तिच्यात काय पडतं, ते ऐकणाऱ्यांच्या हातात आहे.

जाणार असाल तर

• शक्यतो दुपारी जा. गर्दी कमी असते, वादकाजवळ उभं राहता येतं. मुलांना दिवसा बऱ्याच ठिकाणी आत सोडतात, संध्याकाळनंतर अनेक ठिकाणी २१ वर्षांची अट लागू होते. दारावर विचारा.

• पाच-दहा डॉलरच्या सुट्या नोटा जवळ ठेवा. फुकट ऐकून निघून जाणं तिथे बरं दिसत नाही.

• फर्माईश करायची असेल तर जुनं संथ कंट्री गाणं मागा. संथ गाण्यात स्टील खुलतं.

• बऱ्याच बारमध्ये मंच रस्त्याकडच्या काचेला लागून असतो. आत जागा नसेल तर फुटपाथवरून काचेतून बघा. समोर बसलेल्यांपेक्षा तुम्हाला वादकाचे पाय जास्त नीट दिसू शकतात.

• पाळी संपल्यावर वादक वाद्य आवरत असेल, तर अडथळा न करता दोन शब्द बोला. "तुमचं व्हॉल्यूम पेडल दांडीला बसवलेलं आहे का?" एवढं जरी विचारलंत, तरी हा पाहुणा नुसता फोटो काढायला आलेला नाही, हे त्याला कळेल.