तरी उतरवलेली न्याहारी

धोबीतलावला, मेट्रो सिनेमासमोर, 1904 पासून कयानी हे इराणी हॉटेल उभं आहे. सकाळी तिथे पाऊल टाकलं की आधी चहाचा आणि ब्रून-मस्क्याचा वास येतो, आणि त्याच्या मागोमाग खिम्याचा. कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची, गरम मसाला आणि मंद आचेवर मुरलेलं मटण. बशीच्या कडेला तांबूस तरी साचते, पावाचा तुकडा तीत बुडतो आणि शहराचा दिवस सुरू होतो. कुलाब्याच्या ऑलिम्पियात हेच दृश्य असतं. भेंडी बाजारातल्या जुन्या खाणावळींत रात्रभर शिजलेली नल्ली-निहारी खायची, तर भल्या सकाळी जाणारेच खरे दर्दी. आणि गोव्यात पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजून गेला की कित्येक घरांत चोरीस, म्हणजे तिथलं डुकराच्या मांसाचं सॉसेज, परतायला घेतात.

या न्याहारीवर ज्यांनी आयुष्यभर प्रेम केलं, त्यांच्यापैकी अनेकांच्या हातात पन्नाशीच्या आसपास रक्ताचा तपासणी-अहवाल येतो आणि घरात ओट्सचा डबा येतो. ओट्सशी कुणाचं वैर नाही. पण खिम्याच्या जागी ओट्स बसत नाहीत. आठवडाभर बसवले तरी रविवारी मन बंड करतं. पर्याय टिकवायचा असेल तर आधी एक तपासावं लागतं: त्या बशीत आपल्याला आवडतं ते नेमकं काय, आणि कॅलरी नेमक्या कशात आहेत?

इथे पहिला धक्का बसतो. चरबी काढलेल्या बोकडाच्या कच्च्या मटणात शंभर ग्रॅममागे साधारण 109 कॅलरी असतात आणि चरबी जेमतेम अडीच ग्रॅम. कातडीसकट कोंबडी याच्या जवळपास दुप्पट कॅलरीची. आणि मटण सोडून ‘हलकं’ म्हणून ज्याच्याकडे घरोघरी वळतात, त्या पनीरमध्ये शंभर ग्रॅमला 300च्या आसपास कॅलरी असतात. पनीर भुर्जी चविष्ट असते, पण वजन उतरवायला ती खिम्याची जागा घेऊ शकत नाही. तेव्हा मटणाला दोष देण्याआधी कढईत डोकवावं. खाटीक दळताना टाकतो ती चरबी, फोडणीचं पळीभर तेल, वरून सोडलेलं लोणी आणि सोबतचे चार पाव, खरा भार तिथे आहे. एका मोठ्या चमचाभर तेलात, म्हणजे पंधरा मिलिलिटरमध्ये, 120 कॅलरी असतात. हॉटेलच्या एका बशीत असे किती चमचे असतील, हे बशीच्या कडेची तरीच सांगते.

म्हणून सर्वांत प्रामाणिक पर्याय म्हणजे खिमाच, फक्त वेगळ्या तऱ्हेने केलेला. रानाचं, म्हणजे मांडीचं, मांस, दिसेल ती चरबी काढून, डोळ्यांसमोर दळून घ्यायचं. जाड बुडाच्या कढईत तेल न घालता खिमा त्याच्याच अंगच्या पाण्यात शिजू द्यायचा. पाणी आटलं की आच वाढवून तो तळाला जरा लागेपर्यंत परतायचा. भाजण्याने जो खमंगपणा येतो, त्यावर तेलाची मक्तेदारी नाही. मांसातलं पाणी उडून पृष्ठभाग चांगला तापला की प्रथिनं आणि साखरा मिळून तो वास तयार होतो. चमचाभर तेल कांद्यापुरतं पुरतं. पारशी घरांत खिम्यावर अंडी फोडून ‘खीमा पर ईडू’ करतात, तेही करता येतं: एका अंड्यात सत्तरेक कॅलरी असतात, आणि अंड्यामुळे खिमा निम्मा घेतला तरी बशी भरलेली दिसते.

निम्मा खिमा ही युक्ती नवी नाही. पाव किलोत सहा माणसं जेवू घालणाऱ्या आयांनी खिम्यात मटार घातले, बटाटा घातला, मसूर घातली. तेव्हा कारण पैशाचं होतं, आता तब्येतीचं आहे. आज त्याच जागी मश्रूम फार सुंदर बसतं. शंभर ग्रॅम साध्या पांढऱ्या मश्रूममध्ये 22 कॅलरी असतात, आणि त्यात ग्लुटामेट असल्यामुळे मांसाला जो रस्सेदार गोडवा असतो, त्याचा भाऊबंद तिथे आधीच हजर असतो. मात्र मश्रूमचं नव्वद टक्क्यांहून जास्त वजन पाण्याचं असतं. घाईने मसाल्यात टाकलं तर पाणचट भाजी होते. बारीक चिरून, कोरड्या कढईत, पाणी पूर्ण उडेपर्यंत परतावं आणि मगच खिम्यात मिसळावं. निम्मं-निम्मं मिसळलेला हा खिमा पावाबरोबर खाताना कसली उणीव जाणवत नाही.

सोयाच्या चुऱ्याची गोष्ट वेगळी. कोरड्या सोयात शंभर ग्रॅमला 345 कॅलरी दिसतात म्हणून दचकू नये. भिजल्यावर तो वजनाने दुपटी-तिपटीने वाढतो आणि कोरड्या वजनाचा निम्मा भाग प्रथिनांचा असतो, चरबी नाममात्र. त्याचा दोष म्हणजे तो उग्र दरवळ. गरम पाण्यात भिजवून, दोन-तीनदा पाणी बदलून, घट्ट पिळून घेतला की दरवळ बराचसा जातो. रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनी 2021 मध्ये वनस्पतिजन्य मांसाचा व्यवसाय सुरू केला, तेव्हापासून असे पदार्थ मराठी घरांतही ओळखीचे झाले. प्राणी न मारता मांसाची चव, हा त्यांचा हेतू चांगला आहे. पण वनस्पतीचं म्हणजे कमी कॅलरीचं असं समीकरण नाही. रसरशीतपणासाठी अशा पदार्थांत बहुधा तेल घालावं लागतं. कुठलंही पाकीट उलटून मागचा तक्ता वाचावा आणि मगच टोपलीत टाकावं.

खरी कसोटी मात्र चोरिसाची आहे.

गोव्याचा चोरीस हा पावसाळ्याच्या तयारीतून आलेला पदार्थ. डुकराच्या मांसाचे आणि चरबीचे तुकडे मिठात मुरवायचे, काश्मिरी मिरच्या, लसूण, आलं, मिरी, लवंग, दालचिनी असं सगळं माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये वाटून त्यात भिजवायचे, आतड्यात भरून उन्हात आणि धुरात वाळवायचे. मे महिन्यात मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्तात सुकी मासळी, मिरच्या, कोकम यांच्या जोडीला चोरिसाच्या माळाही लोक पावसाळ्यापुरत्या घेऊन ठेवतात. टिकवण्यासाठीच केलेला असल्याने मीठ आणि चरबी त्याच्या स्वभावातच आहे. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या तक्त्यात डुकराच्या चोरिसोला शंभर ग्रॅममागे 455 कॅलरी दिल्या आहेत, आणि त्यातल्या तीन चतुर्थांश चरबीतून येतात. गोव्याचा चोरीस त्याच कुळातला. दुसरीही एक बाब आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक म्हणून जाहीर केलं. रोज 50 ग्रॅम खाणाऱ्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो असं तिथल्या तज्ज्ञांनी नोंदवलं. रोजच्या न्याहारीत चोरीस ठेवायचा नाही, याला एवढं कारण पुरे.

पण चोरिसातलं आवडतं ते काय? आंबट, तिखट, लसणीचा झटका आणि धूर. या चौघांतल्या एकातही म्हणण्याजोग्या कॅलरी नाहीत. तोच मसाला सुरेच्या व्हिनेगरमध्ये वाटून मश्रूमच्या किंवा पिळलेल्या सोयाच्या तुकड्यांना चोळावा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा आणि सकाळी भरपूर कांद्यावर परतावा. वाटीत पेटता कोळसा ठेवून त्यावर थेंबभर तूप सोडून झाकण घातलं की धूरही येतो. आणि ज्याला खऱ्या चोरिसाशिवाय करमत नाही, त्याने दोनच मणी घ्यावेत, पाण्यात उकळावेत, पाणी गार करून वर थिजलेली चरबी काढून टाकावी आणि त्या लाल पाण्यात चवळी किंवा राजमा शिजवावा. मीठ वेगळं घालू नये. दोन मण्यांत पातेलंभर कडधान्याला चोरिसाची चव येते. सोबत मैद्याच्या पावाऐवजी पोय घ्यावी, गव्हाच्या कोंड्याची, आतून पोकळ. चार घास जास्त चावावे लागतात, तेही बरंच.

पाया आणि निहारीलाही हाच उपाय लागू आहे. आदल्या दिवशी शिजवून रात्रभर गार ठेवलं की सगळी चरबी पांढऱ्या थराने वर येते. ती उचलून टाकली तरी हाडांतून उतरलेला चिकट दाटपणा खालीच राहतो. नळीतला गर मात्र जवळजवळ निव्वळ चरबी असतो. तो सणावारापुरता ठेवावा.

हे सगळं करत असताना आपल्याच किनाऱ्याकडे पाठ फिरवायचं कारण नाही. रायगडच्या कोळीवाड्यांत शतकानुशतकं सकाळी तांदळाच्या भाकरीबरोबर जवळा खाल्ला जातो. सुक्या जवळ्याचं निम्म्याहून अधिक वजन प्रथिनांचं, चरबी अगदी थोडी, आणि चव इतकी जबर की माणशी मूठभर पुरतो. निवडून, तव्यावर कोरडा भाजून, धुऊन, कांदा-मिरची आणि दोन आमसुलं घालून परतला की दहा मिनिटांत न्याहारी तयार. घेताना खारवलेला आहे की नुसता उन्हात वाळवलेला, एवढं कोळणीला विचारावं. रक्तदाब असेल तर बिनमिठाचाच घ्यावा. मांसाहारी मराठी माणसाला न्याहारीसाठी याहून चांगला पर्याय बाजारातल्या कुठल्याही पाकिटात नाही.

येत्या रविवारी खाटकाला फक्त एवढं सांगून पाहा: रानाचा द्या, चरबी काढा, समोर दळा. घरी कांद्याला एकच चमचा तेल घ्या, निम्मं मश्रूम मिसळा, पाव दोनच ठेवा. आणि घरच्यांना आधी काही सांगू नका, खाऊन झाल्यावर विचारा.